पाळणा कोणाचा

७ नोव्हेंबर

आजही जमलं नाही. निखिलच्या पोरीचं नाव ठेवाचं आहे अकोल्याले, पुढच्या रविवारी. पाळणा मीच करणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं आहे. मले कोणी विचारलं नाही. सून म्हणे, आई, नातवाच्या पोरीले नाही करणार तं मग कोणाले करणार. वंदना सून आहे, पण बोलते सासूसारखी.

लग्न होऊन आली तवापासून हे काम माह्याकडे. नात्यात, मोहल्ल्यात लेकरू झालं की मांडीवर घ्याचं, त्याच्या मायले चार गोष्टी विचाराच्या, अन् त्याच्याच नावाचा, त्याच्याच घरचा पाळणा बांधाचा. एका लेकराचा दुसऱ्याले नाही. झबलं देता येते, पाळणा नाही. लिहून कवाच ठेवला नाही. चौथी शिकली मी, लिहाले बसली की चाल पळून जाते. ही डायरी गोष्ट वेगळी. म्हातारा गेल्यापासून कुरकुर कराले कोणी नाही म्हणून लिहून राहिली.

आधी वावरात निंदाले बसली की कडवी येत. खुरपं हातात, चाल तोंडात. घरी येईपर्यंत पाळणा तयार. आता खुरपं नाही, गुडघे नाही, समोरचे दात नाही. ‘स’ म्हटलं की हवा जाते, म्हणून स-चे शब्द टाळा लागतात. सोनं, सूर्य, साखर, सगळं गेलं माह्या पाळण्यातून.

९ नोव्हेंबर

दिलीपले म्हटलं, यावेळी दुसऱ्या कोणाले सांगा. दिलीप माह्या पोरगा, निखिलचा बाप. (आता नुसतं दि. लिहीन, बोटं दुखतात.) तो म्हणे, माय, तू नाही म्हटलं तं लोक म्हणतीन म्हातारी संपली. कुठं टोचाचं ते त्याले बरोबर माहीत आहे.

जुने पाळणे आठवत बसली. दि.ले मी कलेक्टर केला होता. लाल दिव्याची गाडी, दारात शिपाई. झाला कारकून. शेजारच्या मंदाच्या पोराले डॉक्टर केला होता. तो औषधाच्या दुकानात गोळ्या मोजते. काय काय मागत होती मी त्या वयात लेकराईले. आता मांडीवर लेकरू आलं की एवढंच वाटते, निजू दे. म्हातारपणानं मागणं कमी होत असावं. अन् मागणं कमी झालं की गाणंही...

१२ नोव्हेंबर

आला पाळणा. सकाळी मेथी निवडत होती, एकदम तोंडात आला. चालीसकट, तीन कडवी. कुठं अडलं नाही.

दारच्या चिंचेले पालवी कोवळी
निजली अन्वी, माय तिच्या जवळी

नको तुले बंगला, नको तुले गाडी
मायच्या लुगड्याची होते तुले माडी

कापसाच्या बोंडात सरकी निजली
मायच्या मुठीत मूठ तुही भिजली

मेथीच्या काड्या भाजीत टाकल्या अन् पानं कचऱ्यात. वंदनाले म्हणून दाखवला. ती म्हणे, आई, असं तुम्ही कवा केलंच नव्हतं. हिले काय माहीत, ही घरात आली तवा माहे निम्मे पाळणे होऊन गेले होते. पण ऐकून बरं वाटलं. लय बरं वाटलं.

१७ नोव्हेंबर

काल झालं अकोल्याचं. निखिलचा फ्लॅट जठारपेठेत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. दि. अन् निखिलनं मले दोन्ही बाजूनं धरून चढवलं. मी म्हटलं, खांद्यावर घेऊ नका, त्याले वेळ आहे अजून. निखिलची बायको स्नेहल वरून पाहत होती, तिले हसावं की नाही समजेना.

त्रिशरण-पंचशील झालं, फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या, पोरीच्या कानात अन्वी नाव सांगून झालं. मग पाळणा. रेखा नेहमीसारखी माह्या मागे बसली, झील धराले. रेखा माही पोरगी. वलगावले राहते, अंगणवाडी सेविका आहे. परकर घालत होती तवापासून मी ओळ म्हणाची अन् तिनं मागून उचलाची, हे ठरलेलं आहे. काल पहिल्याच कडव्याले तिनं ओळ उचलली नाही. मी मागे पाहिलं. तोंड बंद. दुसरं कडवं सुरू झालं अन् ती उठून बाहेर गेली.

चक्कर आली म्हणे. जेवली नाही, घुगऱ्या घेतल्या नाही, जावयाले फोन लावला अन् बसनं निघून गेली.

बाया रडल्या. खरंच रडल्या, पदर लावून. स्नेहलची माय म्हणे, आजी, वयानं तुमचं गाणं पिकलं. मी दोनदा भात घेतला.

१९ नोव्हेंबर

निखिलनं मोबाईलमध्ये पाळणा भरला होता, तो सगळ्या नात्यात गेला. मूर्तिजापूरहून मावसबहिणीचा फोन, बडनेऱ्याहून भाच्याचा. रेखा मात्र फोन उचलत नाही.

वंदनाजवळ बोलून गेली मी. रेखाले एकच लेकरू झालं होतं, आनंद. पहिला उन्हाळाही पाहिला नाही त्यानं. मग झालंच नाही. मी म्हटलं, इतके वर्षं झाले, अजून दुसऱ्याची भरलेली ओटी पाहून हिच्या पोटात दुखते. वंदना चपाती लाटत होती. म्हणे, दिवसभर दुसऱ्याचीच लेकरं खेळवतात त्या, तवा नाही दुखत काय.

२२ नोव्हेंबर

लिहावं की नाही हे समजत नाही.

स्नेहलले पाळणा कागदावर पायजे, काच लावून भिंतीवर टांगाले. मी सांगत होती, वंदना लिहीत होती. पहिल्या ओळीले थांबली. म्हणे, आई, तिसऱ्या मजल्यावर चिंच कुठं आहे?

मी म्हटलं, गाण्यात असते, लिही तू. पण मलेच खटकलं. आमच्या अमरावतीच्या घरीही चिंच नाही. चिंच आहे वलगावले, रेखाच्या दारात.

पुढं सरकी आली अन् हवा गेली दातातून. आजच्या तोंडानं मी सरकी ठेवली असती काय? कापूसही नसता ठेवला. हा दात असलेल्या बाईनं केलेला पाळणा आहे.

मग मी वंदनाले पाणी आणाले पाठवलं अन् हळूच पहिलं कडवं म्हणून पाहिलं, न ठरवता, तोंडाले जसं यायचं तसं येऊ दिलं. तोंड म्हणे,

निजला आनंद, माय त्याच्या जवळी.

२३ नोव्हेंबर

कोणाले सांगतलं नाही. लिहिलेला कागद निखिलकडे गेलाही. आज पुन्हा दोन फोन आले, वाहवा करत. घेतली मी वाहवा. हो बाई, हो बाई, वय झालं तरी सुचते म्हटलं. फोन ठेवल्यावर ताटातली भाकर तशीच झाकून ठेवली.

तो जन्मला तोच बारीक होता. मांडीवर घेतला तं वजनच लागेना. म्हणून त्याच्यासाठी बंगला, गाडी काही मागितलं नव्हतं मी. भीती वाटली होती मागाची. आता लोक म्हणतात, वयानं गाणं पिकलं. वय कशाचं. तवा भ्याली होती, एवढंच.

२५ नोव्हेंबर

वलगावले जाऊन आली. ऑटो केला एकटीनं, वंदनाले दवाखाना सांगतला.

रेखा अंगणवाडीत होती, लेकराईले खिचडी वाढून राहिली होती. मले पाहिलं, वाढणं थांबवलं नाही. मी पायरीवर बसली. एक पोट्टी माह्या मांडीवर येऊन बसली, तिले घ्याचीही हिंमत होईना. सगळी लेकरं गेल्यावर रेखा भांडे घासाले बसली. मी म्हटलं, रेखा, मी विसरली होती व. मले नवा वाटला तो.

ती म्हणे, तू विसरली हे मले तिथंच समजलं. जाणून करणारी नाही तू.

मग राग कशाचा, असं मी विचारलं. विचारू नये ते विचारलं. तिनं खिचडीचा गंज पालथा घातला, हात पुसले. म्हणे, “माय, त्याचा फोटो नाही, कपडे नाही. त्याच्या बापाले त्याचा चेहरा आठवत नाही, मले सांगतलं त्यानं तसं. त्याले ओळखणारं कोण होतं? मी, तू अन् तो पाळणा. तू विसरली, अन् पाळणा अन्वीचा झाला.”

मी तिचे घासलेले भांडे फडक्यानं पुसाले घेतले.

ती म्हणे, मी मनातल्या मनात म्हणत होती तो, रोज नाही, कवा कवा. आता सुरू केला की अन्वीचं बारसं दिसते, लोक टाळ्या वाजवून राहिले. परत आण.

मी म्हटलं, अन्वीले दुसरा करून देतो. तो तुह्या तुले परत.

ती म्हणे, कर पहिले. अन् मग मले ऑटोपर्यंत सोडाले आली, हात धरून. हात धरला तिनं हेच जास्त झोंबलं.

२८ नोव्हेंबर

दि.ले सांगतलं. त्याले आठवलंच नाही काही. आनंदच्या बारशाले तो परभणीले होता, नोकरीवर. पेपर खाली ठेवला अन् म्हणे, माय, आता हे कोणाले बोलू नको. आपण शकुन-अपशकुन मानत नाही, पण स्नेहल बाळंतीण आहे. गेलेल्या लेकराचा पाळणा आपल्या पोरीले म्हटला हे तिच्या डोक्यात बसलं तं निघणार नाही. म्हाताऱ्या माणसाले विसर पडते, झालं, सोड.

मी म्हटलं, रेखाचं काय.

तो म्हणे, रेखा समजदार आहे.

समजदार माणसाचंच घेता येते सगळ्याईले. मीही घेतलं.

एक गोष्ट दि.लेही सांगतली नाही. अकोल्यात मी मागे वळून पाहिलं तवा रेखाचं तोंड पाहिलं होतं मी. त्या तोंडाले चक्कर म्हणत नाहीत. माय आहे मी तिची, मले समजाले पायजे होतं. समोर बाया रडत होत्या, म्हणून पुढचं कडवं म्हटलं.

१ डिसेंबर

नवा करून राहिली. चार दिवस झाले. येत नाही असं नाही, येते. पण जे येते ते कोणाचं आहे हे समजत नाही. सकाळी एक ओळ आली, ‘अंगणात उतरला चांदण्याचा थवा’. झकास वाटली अन् तिथंच थांबली मी. झकास वाटली म्हणजे जुनी असन. आता चांगली ओळ आली की चोरी पकडल्यासारखं होते.

महिन्याआधी सुचत नव्हतं ही अडचण होती. आता सुचते ही अडचण आहे.

वंदनाले विचारून उपयोग नाही, दि.ले त्याहून नाही. सगळे पाळणे ध्यानात असणारी एकच आहे, झील धरणारी. अन् तिलेच कसं विचाराचं.

२ डिसेंबर

विचारलं. फोन उचलला तिनं. मी म्हटलं, रेखा, एक ओळ आहे, कोणाची आहे का सांग. चांदण्याचा थवा म्हटला.

ती म्हणे, दादाचा. दुसरं कडवं.

दुसरी सांगतली.

ती म्हणे, मंदाकाकूच्या पोराचा.

तिसरी सांगतली. रेखानं ती पुन्हा म्हणाले लावली. म्हणे, ही माही. माह्या पाळण्यातली, तूच सांगत होती मले मी लहान होती तवा.

पोरीच्या पाळण्यातली ओळ पोरीलेच नवी म्हणून विचारली मी. तिनं रागावलं असतं तं बरं झालं असतं. ती नुसती म्हणे, अजून आहे का? मी म्हटलं, नाही.

५ डिसेंबर

आज ठरवलं, तोंडाले येऊ द्याचं नाही. डोळ्यानं पाहिलं तेवढंच घ्याचं. निखिलचा फ्लॅट, बंद लिफ्ट, गॅलरीतलं वाळत घातलेलं दुपटं. दिवसभर ओढाताण करून दोन ओळी.

वरच्या मजल्यावर वारा येते फार
अन्वीबाई, डोळे मिट लवकर

रेखाले फोन लावला. ऐकलं तिनं. म्हणे, हा कोणाचाच नाही.

मी म्हटलं, खरंच?

म्हणे, खरंच. पण माय, वाईट आहे हा.

दोघीही हसलो. ती आधी थांबली.

६ डिसेंबर

दि. म्हणे, हा चालते, हाच दे अन् सांग की नवा जास्त चांगला आहे म्हणून बदलला. म्हणजे एक खोटं झाकाले दुसरं. आयुष्यभर लेकराच्या पाळण्यात खोटंच बोलली मी, कलेक्टर काय, डॉक्टर काय. पण ते लेकराच्या तोंडावर, सगळ्याईसमोर, सगळ्याईले माहीत असलेलं खोटं होतं. हे तसं नाही.

८ डिसेंबर

स्नेहलले फोनवर सांगून टाकलं. दि. बाहेर गेला होता, वंदना समोर बसली होती. तिनं डोळ्यानं नको नको केलं, मग उठून आत गेली.

सगळं सांगतलं. आनंद कोण, कवा गेला, पाळणा त्याचा, मी विसरली, रेखा काहून उठून गेली. मी म्हटलं, पोरी, तुह्या मनात वाईट येईन, येऊ दे, मले बोल. पण तो पाळणा काढून टाक. नवा देतो, जसा असन तसा.

तिकडून अन्वीची कुरकुर ऐकू आली.

स्नेहल म्हणे, आजी, मले भीती नाही वाटत त्याची. पण ती आता त्याच्याशिवाय निजत नाही. मोबाईल लावला की तुमच्या आवाजात पहिलं कडवं होते न होते तं डोळे मिटते. दुसरं काही लावून पाहिलं, रडते.

एकीले परत पायजे, एकीचं लेकरू त्याच्यावर निजते. अन् दोघीईले देणारी मीच.

मग स्नेहल म्हणे, मी रेखाआत्यासोबत बोलू का?

मी म्हटलं, मले नको विचारू.

९ डिसेंबर

दि. बोलत नाही माह्यासोबत. चहा घेतला तं पाठ करून बसला. वंदनानं मले ताटात एक भाकर जास्त वाढली. तिची तऱ्हा ती.

११ डिसेंबर

स्नेहलनं रेखाले फोन केला होता म्हणे, काल. वंदनाले समजलं, निखिलकडून. काय बोलल्या ते निखिललेही माहीत नाही. स्नेहल दरवाजा लावून बोलत होती, डोळे लाल घेऊन बाहेर आली, एवढंच. पाळणा भिंतीवर आहे की काढला, विचाराले तोंड नाही मले.

सरोज आली होती, दोन घरं सोडून राहते. तिच्या पोरीले दिवस गेले. म्हणे, आजी, आमचा पाळणा आतापासून सांगून ठेवतो. मी म्हटलं, मी सोडलं ते काम. खरंच सोडलं की काय, मलेच माहीत नाही. तिचं तोंड उतरलं. मी बोलावलंही नाही मागून.

१३ डिसेंबर

दुपारी रेखाचा फोन. तिनं लावला, मी नाही.

इकडचं तिकडचं बोलली. अंगणवाडीत तांदूळ आला नाही, जावयाचा गुडघा. मी वाट पाहून राहिली. शेवटी मीच विचारलं, स्नेहलसोबत काय झालं.

ती म्हणे, ते आमच्या दोघीचं आहे.

मी म्हटलं, बरं.

मग ती म्हणे, “माय, मोबाईलमधलं ऐकलं मी, तू अकोल्यात तीनच कडवी म्हटली.”

मी म्हटलं, तीनच होती.

ती म्हणे, चार होती.

मी आठवून पाहिलं. चिंच, लुगडं, सरकी. सरकीच्या पुढं काही नाही. भिंत. मी म्हटलं, रेखा, चवथं कोणतं व? काय होतं त्याच्यात?

तिच्या दारातून कोणाची तरी सायकल गेली, घंटी ऐकू आली. मी पुन्हा विचारलं. म्हटलं, मले म्हणाचं नाही कुठं, नुसतं सांग. मी केलेलं आहे ते.

ती म्हणे, “नाही सांगत.”

रागानं नाही म्हटलं तिनं. कशानं म्हटलं ते मले ओळखता आलं नाही. मग म्हणे, भाजी गॅसवर आहे, अन् ठेवला फोन.

तवापासून बसून आहे. तीन कडवी म्हणून पाहिली, चवथ्याच्या तोंडाशी येऊन थांबली. पुन्हा म्हटली. वंदना दोनदा विचारून गेली, आई काय पुटपुटता. आठवलं तरी कोणाले सांगणार नाही मी, रेखालेही सांगणार नाही की आठवलं.

पण आठवत नाही.